उजेडातली पारख

साडी पसंत करणारी जाणती गृहिणी दुकानातील ट्यूबलाइटवर विश्वास ठेवीत नाही. ती साडीची घडी उचलून दाराशी जाते, उन्हात पदर धरते आणि मगच रंगाविषयी मत देते. कापडाच्या व्यापारात हयात घालवलेल्या कुटुंबांना ही रीत नवी नाही. मुरलेला दुकानदार तर स्वतःच गिऱ्हाइकाला दाराकडे बोलावतो. मात्र त्याच घरातील मुलाला कॉम्प्युटरवर खेळण्यासाठी मॉनिटर घ्यायची वेळ आली की ही पारख कोणाला आठवत नाही. मॉनिटर शोरूमच्या बेताच्या उजेडात पाहिला जातो, नाहीतर न पाहताच मोबाइलवरून मागवला जातो.

पाचोड हे धुळे-सोलापूर महामार्गावरील मोसंबीच्या बाजाराचे गाव. खाली दुकान आणि वर घर ही येथील व्यापारी कुटुंबांची परिचित मांडणी. मुलांच्या वाट्याला बहुधा वरची, गच्चीला लागून असलेली खोली येते. सरकत्या काचांच्या मोठ्या खिडक्या, पांढऱ्या भिंती आणि गच्चीच्या फरशीवरून उसळून आत येणारे ऊन, असे तिचे रूप असते. अशा खोलीत दुपारी तीनला नवा मॉनिटर सुरू केला की मोटारींच्या शर्यतीतील रात्रीचा रस्ता राखाडी भासतो, बोगद्यातले वळण कळत नाही आणि त्या जागी खेळणाऱ्याला स्वतःचाच चेहरा दिसतो. वस्तू खराब निघाली, अशी तक्रार सुरू होते. वस्तू बहुधा ठीकच असते.

(कोणता खेळ घरात येऊ द्यावा, हा प्रश्न मॉनिटरपेक्षा मोठा आहे आणि तो प्रत्येक घराने आपल्या विचाराने सोडवावयाचा आहे. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर मात्र संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदाच केला आहे.)

मुलांची निराशा होण्यास हातातला मोबाइलही कारणीभूत असतो. स्क्रीनचा प्रखरपणा ‘निट’ या एककात मोजतात. आजचे अनेक मोबाइल उन्हात १००० निटच्या पुढे जातात. सर्वसाधारण मॉनिटर २५० ते ३५० निटचा असतो. मोबाइलवर खेळून सरावलेल्या डोळ्यांना मॉनिटर फिका वाटणे स्वाभाविकच आहे.

येथे थोडा हिशेब मांडणे उपयोगाचे ठरेल. खोलीतील उजेड ‘लक्स’मध्ये मोजतात. मोठ्या खिडकीजवळ दिवसा १००० लक्स उजेड स्क्रीनवर पडतो, आणि स्क्रीन त्यातील दोन टक्के उजेड चहूकडे परत फेकते, असे धरू. तेवढ्याने संपूर्ण चित्रावर सुमारे ६.४ निटचा पांढुरका थर चढतो. आता ३०० निटचा, १०००:१ कॉन्ट्रास्टचा मॉनिटर घ्यावा. अंधाऱ्या खोलीत त्याचा काळा रंग ०.३ निटचा असतो. या खोलीत तो ६.७ होतो. पांढऱ्या आणि काळ्यातील अंतर हजारपटीवरून जेमतेम ४६ पटीवर येते. जास्त पैसे मोजून ३०००:१ कॉन्ट्रास्टचा मॉनिटर आणला, तर ते अंतर ४७ पट होते! खोक्यावरचा तो मोठा आकडा दिवसा जवळजवळ कामालाच येत नाही. त्याचे मोल रात्री कळते.

मग दुप्पट प्रखर, म्हणजे ६०० निटचा मॉनिटर घेतला तर? अंतर ८७ पट होते. सुधारणा खरी आहे. परंतु ३०० निटचाच मॉनिटर ठेवून खिडकीला पातळ पडदा लावला आणि स्क्रीनवर पडणारा उजेड निम्मा केला, तरी उत्तर तेच येते, ८७ पट. पडद्याचे कापड बहुतेक घरांत दुकानातूनच वर येते.

म्हणून आधी खोली पाहावी, मग मॉनिटर. जेथे मॉनिटर ठेवावयाचा तेथे टेबलावर घरातला आरसा उभा करावा आणि खेळणाऱ्याच्या जागी बसावे. आरशात खिडकी दिसली तर तीच खिडकी उद्या स्क्रीनमध्ये दिसणार आहे. टेबल फिरवून पाहावे. खिडकी पाठीमागे असणे वाईट, पण ती समोर, मॉनिटरच्या मागे असणेही बरे नाही. बाहेरच्या झगमगाटाने डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात आणि स्क्रीन आहे त्याहून मंद वाटू लागते. खिडकी डाव्या किंवा उजव्या हाताला यावी, ही मांडणी सर्वांत सोयीची.

दिशेचाही विचार व्हावा. शाळा-कॉलेजातून मुले परततात तेव्हा पश्चिमेचे ऊन खाली उतरलेले असते आणि ते सरळ आत घुसते. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या घरांत उन्हाळ्यात जेवणानंतरही खेळायला बसावे तर उजेड बाकीच असतो. उत्तरेची खिडकी सर्वांत शांत मानतात आणि ते बरेचसे खरे आहे. मात्र पाचोड कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने मेच्या उत्तरार्धापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत माध्यान्हीचा सूर्य येथे किंचित उत्तरेकडे असतो, आणि सकाळ-संध्याकाळचे ऊन तर त्या काळात उत्तरेच्या खिडकीतही शिरते. त्या महिन्यांत बहुधा ढग असतात हे खेळणाऱ्याचे सुदैव.

हे सारे वाचून कोणी खिडक्यांना काळा कागद चिकटवण्याच्या विचारात असेल तर त्याने थांबावे. स्क्रीनसाठी खोलीचे तळघर करणे हा सौदा तोट्याचा आहे. मुलांमध्ये दूरचे न दिसण्याचा दोष वाढत असून दिवसाच्या मोकळ्या उजेडात घालवलेला वेळ तो दोष लांबणीवर टाकतो, हे संशोधनातून वारंवार पुढे आले आहे. तैवानमध्ये याच आधारावर २०१० पासून शाळकरी मुलांना रोज १२० मिनिटे घराबाहेर ठेवण्याचा कार्यक्रम राबवला गेला. बंद खिडकीमागे दुपारभर बसलेल्या मुलाला बाहेर ऊन आहे की सांज झाली, हेही कळत नाही. तेव्हा पडदा उजेड गाळणारा असावा, अडवणारा नव्हे. आणि मॉनिटर असा निवडावा की खिडकी उघडी ठेवून चालेल.

असा मॉनिटर कोणता? खोलीतील उजेड खरोखर आवरण्यासारखा नसेल तर ३५० ते ४०० निट ही किमान अपेक्षा धरावी. काचेसारखी चकचकीत स्क्रीन टाळून मॅट घ्यावी. तिच्यात प्रतिबिंब पसरट होते, खिडकीची चौकट रेखीव उमटत नाही. मॅट स्क्रीन काळ्या रंगाची खोली थोडी कमी करते, हे मान्य केले तरी पाठीशी खिडकी असणाऱ्याला दुसरा पर्याय नाही. पॅनेलमध्ये आयपीएस प्रकार अशा खोलीला मानवतो. व्हीए पॅनेलचा गुण म्हणजे गडद काळा रंग, आणि तोच गुण दिवसा वाया जातो हे वरच्या हिशेबात दिसले. शिवाय वेगवान खेळात काही व्हीए मॉनिटरवर गडद आकृतींमागे काळपट शेपूट ओढल्यासारखी दिसते. ओएलईडीचे कौतुक सध्या सर्वत्र आहे. रात्री ते सार्थही आहे. पण पूर्ण पांढऱ्या चित्रात अनेक ओएलईडी मॉनिटरचा प्रखरपणा २५० निटच्या आसपासच राहतो, आणि त्यातील क्यूडी-ओएलईडी प्रकारात भर उजेडात काळा रंग जांभळट-राखाडी दिसतो. उजेडाच्या खोलीसाठी एवढी रक्कम गुंतवण्याचे कारण दिसत नाही.

‘एचडीआर’ या शिक्क्यालाही भुलू नये. ‘डिस्प्लेएचडीआर ४००’ असे प्रमाणपत्र असेल तर निदान ४०० निटची कमाल प्रखरता तपासलेली असते. नुसते ‘एचडीआर सपोर्ट’ लिहिलेले असेल, तर मॉनिटर तो संकेत स्वीकारतो एवढाच त्याचा अर्थ.

राहिला वेग, ज्यावर विक्रेते सर्वाधिक बोलतात. ६० हर्ट्‌झच्या मॉनिटरवर एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते, १४४ वर ६.९, आणि २४० वर ४.२. म्हणजे ६० वरून १४४ वर जाताना जवळपास दहा मिलिसेकंदांचा लाभ होतो. पुढची उडी तीन मिलिसेकंदांहून कमी लाभासाठी असते, आणि कॉम्प्युटरचे ग्राफिक्स कार्ड तेवढी चित्रे देऊ शकले तरच. १४४ ते १८० हर्ट्‌झवर थांबून उरलेली रक्कम प्रखरतेवर खर्च करणे शहाणपणाचे. हलत्या चित्राचा धूसरपणा घालवण्यासाठी मागचा दिवा झपाट्याने उघडझाप करणारी सोय काही मॉनिटरमध्ये असते. ती चालू केली की प्रखरता बरीच घटते, म्हणून दिवसा तिचा उपयोग होत नाही. गडद भाग तेवढे उजळ करणारी सोय मात्र दिवसा अवश्य वापरावी. रात्री ती बंद करून प्रखरताही उतरवावी, अन्यथा डोळे थकतात.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. अनेक मॉनिटरच्या माहितीपुस्तिकेत वापराची कमाल मर्यादा ४० अंश सेल्सिअस लिहिलेली असते, आणि मे महिन्यात गच्चीखालची खोली ती सहज ओलांडते. सरळ ऊन स्क्रीनवर पडू देणे तर टाळावेच.

बिलाविषयी. ३२ इंचांपेक्षा मोठ्या मॉनिटरवर पूर्वी २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला. हे बिल दुकानाच्या नावावर फाडून कराची वजावट घेण्याचा मोह अनेकांना होतो. वैयक्तिक वापराच्या वस्तूवर इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही, हे केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मध्ये स्पष्ट आहे. मुलाच्या टेबलावरचा मॉनिटर घरखर्चाच्या खात्यातच लिहावा.

छत्रपती संभाजीनगर येथून, सुमारे ५० किलोमीटरवरून, आणलेली वस्तू परत नेणे कटकटीचे असते. म्हणून बदलून देण्याची मुदत किती दिवसांची आहे, हे पैसे देण्यापूर्वीच विचारून बिलावर लिहून घ्यावे आणि तोवर खोके व थर्माकोल जपून ठेवावेत. पहिल्याच दिवशी सायंकाळी पाचला, खिडकी उघडी ठेवून, मुलाला त्याच्या जागेवर बसवावे आणि खेळातला सर्वांत अंधारा प्रसंग सुरू करायला सांगावे.