वशिल्याविना वकिलीची उमेदवारी
वरळीच्या बीडीडी चाळीतील कायद्याच्या विद्यार्थ्यापुढे अभ्यासाइतकाच कठीण प्रश्न असतो तो उमेदवारीचा. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२, तर पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात २० आठवड्यांचे प्रशिक्षण सक्तीचे आहे. विद्यावेतन मात्र नाही. साहजिकच, फोर्टमधील नामांकित कचेऱ्यांची दारे ओळखीपाळखीवर उघडतात. तथापि, स्वयंसेवी संस्था आणि खालच्या न्यायालयांतील वकिलांकडील कामही या नियमांत ग्राह्य आहे. धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात भाडेकरूंचे दावे चालतात. पुनर्विकासाच्या पात्रतेसाठी घरात जुन्या पावत्या जुळवलेल्या मुलाला त्यांतील मर्म लवकर उमगेल. म्हणून नावाजलेल्या कचेरीपेक्षा कागदपत्रे हाताळू देणारा वकील निवडावा. मात्र, सक्ती करणाऱ्या कौन्सिलने विद्यावेतनाचीही हमी द्यावयास हवी.