सांधेदुखीचे औषध ओपीडीतच मिळाले पाहिजे

सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही, नळाची तोटी फिरत नाही, पीठ मळवत नाही. तासाभराने बोटे सैल झाली की बाई धुण्याभांड्याच्या कामाला निघते. विचारले तर म्हणते, "वय झालं, वात आहे."

भगिनींनो, पस्तिशीत बोटे सुजतात ते वयामुळे नव्हे. झिजलेला गुडघा चालताना, जिना चढताना दुखतो आणि बसल्यावर थोडा आराम पडतो. आमवातात उलट होते. दोन्ही हातांची बोटे, मनगटे सुजतात आणि विश्रांतीनंतर सांधे जास्त आखडतात. अशा वेळी हाडांच्या ओपीडीत नुसती दुखण्याची गोळी घेऊन परत येऊ नका. मेडिसिन विभागात दाखवा. औषध लवकर सुरू झाले तर सांधे वाकडे होणे बरेचसे टळते. एकदा वाकडे झालेले बोट मात्र गोळीने सरळ होत नाही.

मी नर्स असताना एक मावशी ओपीडीत यायच्या. औषध पंधरा दिवसांचेच मिळे. रक्त द्यायला एक दिवस, रिपोर्ट दाखवायला दुसरा, म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडे. केसपेपरच्या रांगेत सुजलेल्या गुडघ्यांवर दोन दोन तास उभे राहावे लागे, ते वेगळेच. शेवटी त्यांनी येणे सोडले आणि कुणाकडून तरी पुड्या आणून खाऊ लागल्या. आठ महिन्यांनी पुन्हा आल्या तेव्हा तोंड सुजलेले होते आणि साखर वाढलेली. अशा बिननावाच्या पुड्यांत अनेकदा स्टेरॉइड असते. आम्ही त्यांना रागावलो. आज वाटते, चूक त्यांची कमी आणि व्यवस्थेची जास्त होती.

आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. ओपीडीचा खर्च त्यात बसत नाही. आमवात मात्र ओपीडीतच, वर्षानुवर्षे सांभाळायचा आजार आहे. म्हणून ओपीडी सुधारणे हीच खरी मागणी असायला हवी.

रांगेत बसायला बाक हवेत. सांध्यांच्या रुग्णांसाठी आठवड्यातला एक दिवस ठरलेला हवा. रक्त तपासणी आणि डॉक्टरांची भेट एकाच फेरीत व्हावी. आजार आटोक्यात असलेल्यांना महिन्याचे औषध एकदम मिळावे. यासाठी नवी इमारत लागत नाही. महिला मंडळाने सह्यांचा अर्ज वैद्यकीय अधीक्षकांना आणि रुग्ण कल्याण समितीला द्यावा. पोच घ्यायला विसरू नये.

आपल्या बाजूनेही एक काळजी घ्या. आमवातात बहुधा मेथोट्रेक्सेट देतात. ती आठवड्यातून एकाच ठरलेल्या दिवशी घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतू शकते. वार कॅलेंडरवर लिहून ठेवा. दिवस गेले असतील किंवा मूल हवे असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगा. रक्त तपासणी चुकवू नका आणि जुने केसपेपर एका पिशवीत जपून ठेवा.

दुखणे सोसणे हा बाईचा गुण नाही. बोटे वाकडी होण्याआधी ओपीडी गाठा, आणि एकटीने नको, शेजारणीला सोबत घेऊन जा.