लाँगआर्म घेण्याआधी खोली मोजा

अमेरिकेत घरी क्विल्ट शिवणारे लोक लाँगआर्म, म्हणजे लांब हाताचं क्विल्ट शिवायचं मशीन, निवडताना सुई आणि मशीनचा खांब यांच्यामधल्या जागेचीच चौकशी आधी करतात. १८ इंच की २६? माझ्या मते आधी खोली मोजावी. साध्या शिलाई मशीनमध्ये ही जागा जेमतेम सात-आठ इंचांची असते आणि मोठ्या क्विल्टचं भेंडोळं तिथे कोंबताना खांदे भरून येतात, हे खरंच. पण चौकटीवरच्या लाँगआर्ममध्ये कापड ताणलेलं राहतं आणि मशीन रुळांवर फिरतं. नऊ फूट रुंद क्विल्ट चढवायची तर चौकट दहा-बारा फुटी लागते, शिवाय भोवती माणसाला वावरता यायला हवं. शिवलेला भाग गुंडाळत जातो तशी वळकटी फुगते आणि हाताशी उरणारी जागा घटते, म्हणून अगदी लहान मशीनही नको. घरासाठी २० इंच पुरेत.

कुणी म्हणेल, एवढा खर्च करायचा तर सर्वांत मोठंच घ्यावं. व्यवसायासाठी ते पटतं. वर्षाला चार-पाच क्विल्ट शिवणाऱ्यांना मात्र बसून चालवायचं लाँगआर्म बरं. ते टेबलावर मावतं. कापड हातांनी फिरवावं लागतं आणि क्विल्टचे तिन्ही थर (वरचं कापड, मधला भराव आणि अस्तर) आधी टाचावे लागतात, एवढाच त्रास. वाचलेला पैसा टाक्यांची लांबी सारखी राखणाऱ्या नियंत्रकावर घालावा. हाताचा वेग वाढला की त्यामुळे सुईचाही वाढतो, आणि नवख्यांचं काम त्यानेच सुधारतं. अमेरिकेतली काही दुकानं शिकवणी देऊन चौकटीचं मशीन तासावर भाड्याने देतात. एक अख्खी क्विल्ट तिथे शिवून पाहा, मगच पैसे भरा.