प्रेक्षकांच्या वादाला मान द्या

अरुंधतीनं इतकी वर्षं का सोसलं? तिच्या नवऱ्याची, अनिरुद्धची प्रेयसी संजना वाईट, की त्यानंच दोघींनाही फसवलं? स्टार प्रवाहवरची ‘आई कुठे काय करते!’ डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाली आणि २०२४ मध्ये संपली. पण तिनं घराघरांत पेटवलेले असे वाद अजून विझलेले नाहीत. अंबडच्या ओट्यावर, परतूरच्या एसटीत, शेतातल्या दुपारच्या सावलीत ते आजही रंगू शकतात.

या वादांना रिकामटेकड्या बायकांच्या गप्पा म्हणून हिणवू नये. स्वतःच्या घराविषयी जे उघड बोलता येत नाही, ते अरुंधतीच्या नावानं बोलता येतं. सून आपली बाजू मांडते, सासू आपली. आणि दोघी एकमेकींचं ऐकतात.

ही सवय आपल्याला नवी नाही. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब अंबड-परतूरच्या याच जालना जिल्ह्यातलं. कैकेयीनं वर का मागितले, कर्णानं दुर्योधनाची साथ का सोडली नाही, हे प्रश्न इथं कीर्तन-प्रवचनं ऐकणाऱ्या पिढ्यांनी चघळले आहेत.

म्हणूनच मालिकांच्या लेखकांना कळकळीची विनंती आहे. अपघात, स्मृतिभ्रंश, अचानक उगवलेला जुळा भाऊ यांनी कथा लांबते, माणूस कळत नाही. कलाटणी पात्राच्या स्वभावातून यावी. कारण मागणारा प्रेक्षक हीच मराठी मालिकांची खरी पुंजी आहे. तिचा मान राखा.