पाच गुणांची फाईल
सीबीएसईच्या दहावीत इंग्रजीचे ८० गुण लेखी परीक्षेला, २० अंतर्गत मूल्यमापनाला. त्यांतले पोर्टफोलिओचे अवघे ५. आखातातील सीबीएसई शाळांत शिकणाऱ्या आपल्या मुलांनाही हेच गणित लागू आहे. वर्षभराचे कच्चे खर्डे, शिक्षकांचे शेरे आणि सुधारलेले लेखन यांतून भाषेची जी वाढ दिसते, ती तीन तासांच्या उत्तरपत्रिकेत दिसत नाही. मात्र अमेरिकेतील केंटकी राज्याने १९९०च्या शिक्षणसुधारणेनंतर लेखन-पोर्टफोलिओ शाळांच्या उत्तरदायित्वाशी जोडले आणि २००९मध्ये ते त्यातून वगळले. शाळेची प्रतिष्ठा पणाला लागली की खर्ड्यावर शिक्षकाचाच हात अधिक फिरण्याचा धोका असतो. आता त्यात चॅटजीपीटीची भर पडली आहे. म्हणून गुण वाढवण्याआधी वर्गातच लिहिलेले खर्डे आणि त्यांवरील तोंडी चर्चा अनिवार्य हवी.