हातांना काम : कमरेवरून काही पडू नये म्हणून

दोस्तांनो, मागे आपण व्यायामाच्या फोमच्या चटया कापून अंतराळातल्या शिपायाचं चिलखत केलं होतं, आठवतंय? छाती, पाठ, खांदे, मांड्या. तेव्हापासून पत्रं येताहेत, आणि बहुतेक पत्रांचा सूर एकच. चिलखत झकास झालंय, पण पट्ट्याला लावलेल्या वस्तू टिकत नाहीत.

ही पत्रं वाचून मला हसू आलं नाही. कारण आमच्याच घरात हे घडलंय.

माझा भाचा सातवीत आहे. सोसायटीच्या गणपतीत वेशभूषा स्पर्धा होती आणि त्याला ‘स्टार वॉर्स’मधला पांढरा शिपाई, म्हणजे स्टॉर्मट्रूपर व्हायचं होतं. चिलखत त्याने स्वतः केलं, दीड महिना खपून. पट्टा तेवढा राहिला होता. आदल्या रात्री बारा वाजता त्याच्या बाबांनी ग्लू गन घेतली आणि पट्ट्यावरच्या दोन पेट्या न्‌ मागचं नळकांडं फटाफट चिकटवून टाकलं. “बघ, दहा मिनिटांचं काम!”

दुसऱ्या दिवशी स्टेजवर आल्या आल्या पठ्ठ्याने गुडघा टेकून नेम धरला. टप्‌! उजवी पेटी खाली. ती उचलायला वाकला, तर मागचं नळकांडं निसटलं आणि गडगडत पहिल्या रांगेत बसलेल्या आजोबांच्या पायाशी जाऊन थांबलं. सगळे हसले. शिरस्त्राण असल्यामुळे तो रडतोय हे कुणाला दिसलं नाही. मला कळलं, कारण शिरस्त्राण हलत होतं.

घरी येऊन त्याने सगळं माळ्यावर टाकलं. पुढे दोन आठवड्यांनी आम्ही ते खाली काढलं. त्या दुरुस्तीत जे समजलं, तेच आज सांगतो.

आधी एक प्रयोग करा. वहीच्या कव्हरवर एक स्टिकर चिकटवा. आता तो कव्हरवरच बाजूला सरकवायचा प्रयत्न करा. जाम हलणार नाही. मग एक कोपरा नखाने उचलून ओढा. सरळ सोलून निघेल! डिंकाचं असंच असतं. सरकवणाऱ्या ओढीला तो दाद देत नाही, पण कडेपासून सोलायला लागलं की हार मानतो, कारण सगळा जोर एका वेळी एका बारीकशा रेघेवर येतो. कमरेची पेटी आपण चालताना मागेपुढे झुलते, म्हणजे दर पावलाला ती स्वतःलाच थोडीथोडी सोलत असते. त्यात ग्लू गनचा डिंक उन्हात मऊ पडतो आणि फेविकॉल प्लॅस्टिकला धरतच नाही. मग पेटी पडणार नाही तर काय होईल?

सिनेमावाल्यांनी काय केलं होतं? १९७७ च्या त्या पहिल्या सिनेमाचे कपडे जॉन मोलो यांनी केले. ते मुळात लष्करी गणवेशांच्या इतिहासाचे अभ्यासक. खरा सैनिक पट्ट्यावरून सामान वागवतो ते कसं, हे त्यांना पक्कं ठाऊक. स्टॉर्मट्रूपरचा पट्टा नीट पाहा. पुढे पांढरं प्लॅस्टिक दिसतं, पण भार घेतो त्यामागचा कापडी पट्टा. प्लॅस्टिक फक्त देखाव्याला! त्याच सिनेमात ल्यूकची तलवार आहे ना, ती रॉजर ख्रिश्चन यांनी जुन्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशच्या दांड्यापासून बनवली. तिच्या बुडाशी एक कडी आहे. कडी कशाला? पट्ट्याच्या आकड्याला अडकवायला. दोघांनाही त्या सिनेमासाठी ऑस्कर मिळालं.

तर आपणही आतून कापडी पट्टा घ्यायचा. त्यासाठी नवार उत्तम. हो, खाटेची नवार. तीन-चार इंच रुंद, न ताणणारी, दाभणाने सहज शिवता येणारी. फोमचा देखणा पट्टा तिच्यावर चार ठिकाणी टिचबटणांनी बसवा. बॅगा दुरुस्त करणारे काका टिचबटणं ठोकून देतात. नट-बोल्ट वापरणार असाल तर भोक काठापासून दोन सेंटीमीटर आत घ्या आणि दोन्ही बाजूंना रुंद वॉशर लावा. नाही तर बोल्टचं डोकं फोम फाडून बाहेर येतं. आमच्याकडे वॉशर नव्हते, म्हणून भाच्याने श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणाच्या चकत्या कापल्या. छान चालल्या.

आता त्या पेट्या. खाली बसलं की मांडी वर येते आणि पेटीला ढकलते. पेटी घट्ट बसवली तर काही तरी तुटणारच. म्हणून तिला चार सेंटीमीटर रुंद इलॅस्टिकने लोंबती ठेवायची. पेटीच्या मागच्या भिंतीत वरच्या बाजूला आडवी फट पाडा, इलॅस्टिकचं टोक आत घ्या, आइस्क्रीमच्या काडीभोवती गुंडाळून शिवून टाका. काडी फटीतून बाहेर येऊ शकत नाही आणि डिंकाचा थेंबही लागत नाही! वरचं टोक नवारीच्या आतल्या अंगाला शिवा. पेटी पट्ट्याच्या खालच्या काठाला जेमतेम टेकली पाहिजे. जास्त लोंबली तर चालताना मांडीवर ताल धरते.

पाठीवरचं नळकांडं म्हणजे दोन इंची पीव्हीसी पाइपचा १८-१९ सेंटीमीटरचा तुकडा आणि दोन टोकांना बुचं. पातळ पाइप घ्या, जाड फार जड होतो. त्याला पट्ट्यावर अडकणाऱ्या ॲल्युमिनियम पट्टीच्या दोन आकड्या लावा. एकच लावली तर नळकांडं घड्याळाच्या काट्यासारखं फिरत राहतं. बोल्टचे नट पाइपच्या आत येतात, तेव्हा बुचं शेवटी बसवा. (आम्ही आधी बसवली आणि मग अर्धा तास उपटत बसलो.) भोकं पाडायचं आणि पट्टी कापायचं काम मात्र मोठ्यांच्या हातून करून घ्या. कापलेली कड सुरीसारखी असते, ती घासून गोल करा. आकडीचं खालचं टोक नवारीला टिचबटणाने धरलं, की पळतानाही नळकांडं उडत नाही.

पट्टा मिटवायचा मागे, नळकांड्याखाली. तिथे वेल्क्रो लावा, पण चिकटवायचं नाही, शिवायचं. वेल्क्रोचा शोध स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्राल या इंजिनियरना लागला तो कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या काटेरी बोंडांमुळे. १९४१ साली ते कुत्र्याला घेऊन रानात हिंडून आले आणि ती बोंडं सूक्ष्मदर्शकाखाली पाहत बसले. टोकाला चिमुकल्या आकड्या! वेल्क्रोचा स्वभाव आपल्या स्टिकरसारखाच. पट्टा कमरेभोवती ताणला की ओढ सरकवणारी असते, म्हणून तिथे तो घट्ट धरतो. दहा सेंटीमीटर एकावर एक आले पाहिजेत.

एक वस्तू मात्र मुद्दाम सैल ठेवायची. बंदुकीची दोरी किंवा बाहेर लोंबणारा पाइप दाराच्या कडीत अडकला तर वस्तू सुटावी, तुम्ही पडू नये. अशा वस्तूंना वेल्क्रोचा छोटा तुकडाच पुरे. शिरस्त्राणातून फारसं दिसत नाही हे विसरू नका. त्या सिनेमात एका स्टॉर्मट्रूपरचं डोकं दारावर आपटलेलं आहे, आणि २००४ च्या डीव्हीडीत तर त्या क्षणी ठक्‌ असा आवाजही घातलाय!

एवढं सामान लावल्यावर पट्टा खाली घसरतो. नवारीच्या दोन पट्ट्या खांद्यांवरून चिलखताच्या आतून घ्या, म्हणजे भार कमरेवर राहत नाही. अंगावर सगळं चढवून खुणा करा, उभं राहून, बसून आणि वाकूनसुद्धा. आणि हो, बाथरूमला जायची वेळ आली तर पट्टा किती वेळात सुटतो, हे घड्याळ लावून पाहा. हसू नका, ही सर्वांत महत्त्वाची चाचणी आहे.

आईबाबांना एक विनंती. आदल्या रात्री ग्लू गन उचलू नका. टाके वाकडे आले तरी मुलांनाच घालू द्या.

भाच्याने सगळे टाके स्वतः घातले. दोनदा बोटाला दाभण टोचलं. मग अंगावर चढवून आमच्या व्हरांड्यात तीस वेळा उठाबशा काढल्या, मोठ्याने मोजत. त्याचे बाबा दारात उभे राहून बघत होते. काहीच पडलं नाही. दसऱ्याला तो तसाच, पूर्ण वेशात, सोनं द्यायला सगळ्या मजल्यांवर जाऊन आला. पहिल्या रांगेतल्या त्या आजोबांकडेही. आपट्याची पानं त्याने उजव्या पेटीत ठेवली होती.