आधी माती, मग हिरवळ



गेल्या उन्हाळ्यात सांबऱ्याच्या आमच्या घरापुढे मोठ्या हौसेनं लॉन केलं. बांधकाम नुकतंच संपलेलं. अंगण सपाट करून घेतलं, गवताच्या तयार चटया आणल्या आणि अंथरल्या. सकाळ-संध्याकाळ पाइप धरला, तरी मे संपेपर्यंत गवत पिवळं पडलं. विहिरीनंही तळ गाठला. आई म्हणाली, "गवताला पाणी घालतोयस की रस्त्याला?"

खणून बघितलं. चार बोटं मातीखाली विटांचे तुकडे, सिमेंटचे पापुद्रे आणि गाड्यांच्या चाकांनी दगडासारखी दबलेली जमीन! पाणी मुरणार कुठं?

हिशेब सोपा आहे. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे 1 लिटर. 500 चौरस फुटांच्या लॉनला 20 मिलिमीटर पाणी द्यायचं तर सुमारे 930 लिटर लागतात. म्हणजे 1000 लिटरची टाकी जवळपास रिकामी. ते वाहून गेलं तर नुकसान कुणाचं?

यंदा आधी माती केली. एप्रिलमध्ये 9 इंच खोल खणून खडी-विटा काढल्या, लव्हाळ्याच्या गाठी वेचल्या, ढेकळं उन्हात तापू दिली. मग पूर्ण कुजलेल्या शेणखताचा 2 इंच थर पसरून खालपर्यंत मिसळला. 500 चौरस फुटांना पाऊण ब्रासहून थोडं जास्त खत लागतं. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खानापूरकडच्या लाल मातीतून पाणी झटकन निघून जातं. शेणखत दोन्हींना उपयोगी. मात्र काळी माती ओली असताना तुडवू नका, वाफसा येऊ द्या.

गवत लावण्यापूर्वी एक परीक्षा घ्या. फूटभर खोल खड्डा पाण्यानं भरा. ते जिरलं की पुन्हा भरा. तासाला इंचभर तरी उतरलं तर ठीक, नाहीतर आणखी खणा. माती फरशीपेक्षा इंचभर खाली ठेवा, म्हणजे पाऊस अंगणातच मुरेल.

मिरगाच्या पावसानं तण उगवलं, ते उपटलं आणि मगच हराळी लावली. रुजल्यावर रोज शिंपडणं बंद. उघडीप पडली तर चार-पाच दिवसांनी एकदाच, पण भरपूर पाणी. त्यानं मुळं खाली जातात.

आणि हो, जिथं कुणी बसत-खेळत नाही, तिथं लॉन नकोच. तिथं अबोली लावा!

आता आई संध्याकाळी गवतावर बसते. पाइप मात्र खुंटीला टांगलेला असतो.